बोलत्या घरात ठेवावे

१

आमचं घर ओरडतं. तुमसरच्या धान्य बाजारामागच्या गल्लीत तुम्हाला कधी कडाक्याचं भांडण ऐकू आलं, तर घाबरू नका. मी नवऱ्याला भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारत असते.

वीरेंद्र सव्वीस वर्षं राइस मिलमध्ये आहेत. मिलमधल्या माणसांचे कान लवकर जातात. त्यामुळे घरात सगळ्यांनाच वरच्या पट्टीत बोलायची सवय. आमची खुशबू नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलच्या मुलींनी तिला विचारलं, तू आमच्यावर चिडली आहेस का?

आणि सासूबाई, म्हणजे कौशल्याबाई. त्यांचा पलंग मधल्या खोलीत. तिथून समोरची खोली, स्वयंपाकघर आणि अंगण, तिन्ही दिसतं. तिन्हींची धावती बातमी पहाटेपासून सुरू. "व साधना, दूध वर आलं. व साधना, गिऱ्हाईक आलं. व साधना, पाय ना, ते मांजर माह्याकडे कसं पाहून राहिलं." मी समोरच्या खोलीत ब्लाउज शिवते. मशीनच्या खडखडाटावरूनही त्यांचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, "आई, एक दिवस तरी गप्प बसा न." त्यावर आम्ही दोघीही हसलो होतो.

सेहेचाळिसाव्या वर्षी व्हायोलिन शिकायची बुद्धी कशी झाली, ते सांगते. आमच्या महिला भजन मंडळात मी दोन वर्षं पेटी वाजवत होते. मग रत्नमालाताईंनी मोठ्या प्रेमानं पेटी काढून घेऊन मला टाळ दिले. पुढच्या वर्षी टाळही काढून घेतले आणि प्रसादाचं खातं दिलं. शिरा मी चांगला करते, यात वाद नाही. पण माझ्या हातून एकदा तरी काही सुरात निघावं असं मनात होतं. खुशबू गेल्यावर ते फारच वाटायला लागलं.

मोबाइलवर एक जाहिरात दिसली. नवीन व्हायोलिन विकणे आहे. वाजवलेले नाही. गाव करडी. मी त्या नंबरवर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उचलला, कुणी बोललं नाही, आणि कट झाला. मग मेसेज आला, "मेसेज करा."

मी मेसेज केला.

"किंगरी आणते का आता?" सासूबाई म्हणाल्या. "दारोदार जाशील तर मलेही संगं नेजो बाई. तू वाजव, मी पीठ मागतो."

२

करडीला पोचले तेव्हा बांध्यांमध्ये कापलेला धान पडला होता आणि रस्त्यावर सगळीकडे त्याचा वास होता. प्रविणनं, म्हणजे मेसेज करणाऱ्या मुलानं, लिहिलं होतं की सुंदरबाईचं घर विचारा. सुंदरबाई त्याची आजी. घर लगेच सापडलं.

आठ माणसं होती घरात. सगळी मला पाहून उठली, हात जोडले, खुर्ची पुसून दिली. कुणी चहा आणला, कुणी पाणी. आणि कुणी एक अक्षर बोललं नाही.

मी काय, सवयीनं ओरडतच सुरू झाले. प्रवास कसा झाला, बस कशी भरली होती, मला गुडघ्याचा त्रास आहे, मुलगी नागपूरला आहे. आठ जणं माना हलवत ऐकत होते. मनात म्हटलं, साधना, असं सुख तुला घरी मिळालं नाही कधी.

टीव्हीवर मालिका चालू होती, पण आवाज बंद. दारात दोन पोरं काचेचे कंचे खेळत होती. एक जिंकला. त्यानं उडी मारली, दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं. आवाज आला नाही. काय वळण लावलंय पोरांना, असं मला वाटलं. मग वाटलं, घरात कुणी गेलं असेल, सुतक असेल. पण भिंतीवर हार घातलेला फोटो नव्हता, आणि सुतकात कुणी व्हायोलिन विकत नाही.

प्रविणनं व्हायोलिनची पेटी घरातून आणली नाही. मागच्या गोठ्यात, तणसाच्या ढिगाखालून काढून आणली. आत व्हायोलिन होतं, लालसर तांबूस, पॉलिशचा वास येणारं, एक ओरखडा नसलेलं. किंमत इतकी कमी सांगितली होती की घासाघीस करायची मला लाज वाटली.

सुंदरबाईंनी निघताना माझ्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांचे डोळे भरले होते. त्या माझा हात सोडत नव्हत्या आणि दुसऱ्या हातानं मला दाराकडे ढकलतही होत्या.

मी गल्लीच्या वळणापर्यंत आले आणि मागं त्या घरात एकदम गलका उठला. सगळे एकाच वेळी बोलत होते. कुणी हसत होतं, कुणी मोठ्यानं रडत होतं. एक पोरगं "आजी, आजी, आजी" एवढंच ओरडत होतं, थांबायला तयार नव्हतं.

मला वाईट वाटलं. म्हटलं, झालं, मला हसून राहिले.

३

पेटीच्या झाकणात आतून एक कागद चिकटवला होता. पेन्सिलीनं, सुबक अक्षरात लिहिलं होतं, "बोलत्या घरात ठेवावे."

भैयाजींना दाखवलं. भैयाजी म्हणजे माझे गुरुजी. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत व्हायोलिन वाजवलं, आता दोन गल्ल्या सोडून राहतात. दर रविवारी सकाळी येऊन मला शिकवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांनी व्हायोलिन उजेडात फिरवून पाहिलं.

"कोरं आहे हो बाई. तारांखालच्या घोडीवर एक दाग नाही. कोणी वाजवलंच नाही याले."

"आणि हे कागदावरचं?"

"बरोबर लिहिलं आहे. कोरं लाकूड मुकं असते. माणसाच्या आवाजानं ते आतून थरथरते, मंग हळूहळू मोकळं होते. आमच्या कंपनीत नवा साज आला का आम्ही रंगपटात लटकवत होतो. नट मंडळी दिवसभर बोंबलत राहे तिथं. महिन्याभरात साज खुलत होता."

"मग इथं चार दिवस पुरे," मी म्हटलं आणि मधल्या खोलीकडे पाहिलं.

"हो ना, मी आहो न!" पलंगावरून उत्तर आलं. "लटकव माह्या डोक्यावर. फुकट बोलतो मी, कोणाच्या तरी कामी येईल."

आम्ही तिघंही हसलो. खिळा मी स्वतः ठोकला, सासूबाईंच्या उशीच्या बरोबर वर.

शिकणं म्हणजे एक तमाशाच होता. जमिनीवर मांडी घालायची, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं, खालची बाजू गळ्याखाली. मांडी घालायला मला दोन मिनिटं लागत आणि उठायला वीरेंद्र. गजाला राळ घासायची, तर मी इतकी घासली की ब्लाउजवर पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. आवाज निघायचा तो एसटीच्या ब्रेकचा.

"कोणाचं बकरू कापून राहिली व?" सासूबाई.

"छान वाजते," वीरेंद्र म्हणायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं.

४

वीस दिवसांत ते खुललं.

माझ्यात काही फरक नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. बोटं तशीच जाडी, सुई टोचून टोचून घट्टे पडलेली. पण गज ठेवला की सूर यायचा. भरलेला, ओलसर. षड्ज लावला की तो भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा. डिसेंबरात मी भजन मंडळात वाजवलं. रत्नमालाताईंनी डोळे पुसले. दोन बायका मला घरापर्यंत सोडायला आल्या, आणि प्रसाद दुसरीकडे सोपवण्यात आला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुणी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. मी हवेत होते.

एक दिवस जेवताना वीरेंद्र म्हणाले, "तुम्ही दोघी कुजबुजता काहून? माह्याबद्दल बोलून राहिल्या का?"

"कोण कुजबुजतं?" मी ओरडले.

"पाय, आताही."

म्हटलं, कान अजून गेले. आठ दिवसांत त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी कानांवर यंत्र लावलं, कागद काढला, मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवला.

"काही फरक नाही. गेल्या वर्षी होते तसेच आहेत."

"पण यांना आमचं ऐकू येत नाही."

डॉक्टर पुढं वाकले. "काय म्हणालात ताई? जरा मोठ्यानं."

परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम बोलून पाहिलं. बसमध्ये कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून सोडून दिलं. घरी आले, मशीनवर बसले, पायडल मारलं. मधल्या खोलीत सासूबाईंचे ओठ हलत होते. मी मशीन थांबवलं, तेव्हा शब्द आले.

"…गिऱ्हाईक आलं व."

गिऱ्हाईक दहा मिनिटांपासून दारात उभं होतं.

५

त्या रविवारी भैयाजी आले. समोरच्या खोलीत खुर्ची घेऊन बसले. सासूबाई दारातून दिसत होत्या, पलंगावर पाय खाली सोडून, वालाच्या शेंगा निवडत. मी व्हायोलिन खिळ्यावरून काढलं आणि त्यांनी दिलेली गत वाजवायला घेतली.

भैयाजी मान डोलवत होते. मधेच म्हणाले, "हो हो, घेतो ना. साखर कमी."

मी गज थांबवला. "काय कमी?"

"चहा. कौशल्याबाईंनी विचारलं न आता."

"त्या कुठं बोलल्या?"

भैयाजींनी दारातून पाहिलं. सासूबाईंच्या हातात शेंग होती. तोंड मिटलेलं होतं. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या, माझ्या हातातल्या व्हायोलिनकडे पाहत होत्या.

"पुन्हा वाजवा," भैयाजी म्हणाले.

मी वाजवलं. तीच गत. निषादावरून पंचमावर उतरताना सूर जरासा खाली घसरून थांबायचा. ती घसरण माझी नव्हती, मला ती येतच नव्हती. ती मी रोज ऐकत आले होते, बावीस वर्षं. "व साधना" म्हणताना शेवटी आवाज असाच उतरायचा.

चहा मी केला, साखर कमी घातली. भैयाजींनी तो घेतला नाही. उठले, घशावर हात फिरवला, खाकरले.

"पुढच्या रविवारी नाही जमणार. घसा बसल्यासारखा वाटून राहिला." चपला घालता घालता म्हणाले, "ते उतरवून ठेवा बाई खिळ्यावरून. खुललं आता. जास्तच खुललं."

मी उतरवलं नाही. संक्रांतीला मंडळाचा मोठा कार्यक्रम होता. हे मला कुणाला सांगता आलं असतं तर आधीच सांगितलं असतं. मी आणखी पंधरा दिवस ते तिथंच राहू दिलं. म्हातारपण आहे, थंडी आहे, कफ आहे, असं स्वतःला सांगत राहिले. कार्यक्रम फार सुंदर झाला.

६

संक्रांतीनंतरच्या सोमवारी सासूबाई उठल्या, तोंड धुतलं, पलंगावर बसल्या. तोंड उघडलं. मी चहाचा कप घेऊन समोर उभी. त्यांनी पुन्हा उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. श्वासाचाही आवाज आला नाही.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. मेंदूचा फोटो काढला. सगळं ठीक. वयामुळे असेल, धीर धरा. सासूबाईंना लिहिता येत नाही, त्या अंगठा करतात. घरी आल्यावर त्यांनी बोट वर करून खिळ्याकडे दाखवलं. मग माझ्याकडे पाहून हसल्या, जसं आपण आपल्याच चुकीवर हसतो.

मी व्हायोलिन काढून पेटीत ठेवलं, पेटी रजईत गुंडाळून माळ्यावर टाकली.

खुशबूचा फोन रोज संध्याकाळी सात वाजता येतो. तो मी स्पीकरवर करून सासूबाईंच्या पलंगावर ठेवत असे, कितीतरी महिन्यांपासून, आणि गेले दोन-अडीच महिने त्याच खिळ्याखाली. आता आजी बोलत नाही म्हटल्यावर दोघींचं बोलणं ती एकटीच करायची. पेटी माळ्यावर टाकल्याला आठवडा झाला होता. फोन आला, मला वाटलं रेंज नाही.

"कुठं आहेस? बाहेर ये जरा."

"होस्टेलमध्येच आहे आई." फार लांबून. "सर्दी झाली वाटते. आज वॉर्डात पेशंट सारखे म्हणत होते, सिस्टर, मोठ्यानं बोला न."

माझी खुशबू. मुली जिला विचारायच्या, चिडली आहेस का.

पलंगावर सासूबाईंनी फोन उचलला आणि पदरात गुंडाळला. मग पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून पेटी काढली आणि मागच्या अंगणात नेली. पाणी तापवायची चूल पेटलेली होती. दुपार होती, स्वच्छ ऊन. लाकूडच तर आहे, मी म्हटलं. लाकूड, डिंक, चार तारा. मी शिवणारी बाई आहे, कापड पाहून सांगते किती टिकेल ते. ही वस्तू चुलीत पाच मिनिटं टिकणार नाही.

झाकण उघडलं. वारा नव्हता. गज पेटीतच होता, मी हात लावला नव्हता. दुसरी तार अगदी हलके वाजली आणि शेवटी उतरली.

मी झाकण लावलं. विकता येईल, फेकता येईल. जाळणार कशी? आत आई होत्या.

७

करडीच्या त्या गल्लीत शिरले तेव्हा घरातला गोंधळ रस्त्यावर येत होता. टीव्ही मोठ्यानं लागला होता. कुणीतरी पाढे म्हणत होतं, कुणी प्रविणला शिव्या देत होतं. "अबे सायकल कायले उन्हात ठेवली बे?" एक म्हातारा आवाज मधेच हसत होता. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माझं घर आठवलं.

मी फाटकातून आत गेले, पेटी हातात घेऊन.

पहिल्यांदा प्रविणनं पाहिलं. त्याचं वाक्य अर्ध्यात थांबलं आणि त्याचा तळहात तोंडावर गेला. मग त्याच्या आईचा. पाढे थांबले. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. एकेक करून सगळ्यांनी हात तोंडावर ठेवला, घट्ट, बोटांची नखं पांढरी होईपर्यंत. एक दीड वर्षाचं लेकरू होतं, त्याला काही कळत नव्हतं, ते "बा, बा" करत माझ्याकडे यायला निघालं. सुंदरबाईंनी त्याला ओढून जवळ घेतलं. एक हात स्वतःच्या तोंडावर होता, दुसरा त्याच्या. तिसरा हात नव्हता, नाहीतर त्यांनी तो माझ्यापुढे जोडला असता. मान हलवत होत्या नुसत्या. नाही, नाही, नाही.

मी काही जोरजोरात बोलायला आले होते. पाठ करून आले होते बसमध्ये. तुम्हाला माहीत होतं, तरी दिलं, देवाला भ्या जरा. पण त्या लेकराचे गाल सुंदरबाईंच्या बोटांमधून वर आले होते, आणि ते माझ्याकडे पाहत होतं.

मी उलट्या पावली फाटकापर्यंत आले. राग यायला हवा होता. तो आला नाही. एवढंच मनात आलं की मेसेज कसा लिहायचा, ते मला आता माहीत आहे.

८

व्हायोलिन विकणे आहे, मी लिहिलं. पुढं काय लिहावं, ते सुचलं नाही. तेवढंच टाकलं.

मार्चच्या शेवटी राजकुमार सर आले. तिशीतला माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलायला गोड. आसगावकडे एका निवासी शाळेत शिकवतो म्हणाले. लहानपणी वडिलांजवळ व्हायोलिन शिकले होते, परिस्थितीमुळे विकावं लागलं. आता शाळेत प्रार्थनेला वाजवायचं मनात होतं.

त्यांनी पेटी उघडली, तार छेडली, आणि डोळे मिटून घेतले.

"मॅडम, हे तर गाते हो."

मी मान हलवली. माझाही आवाज तोपर्यंत बराच बसला होता. पण होता. हे मी लिहून ठेवलं पाहिजे, माझा आवाज होता.

"हे काय लिहिलं आहे?" झाकणाकडे बोट. "बोलत्या घरात ठेवावे?"

कागद फाडायचं मी विसरले होते. की विसरले नव्हते, मला आता नक्की सांगता येत नाही. मी भैयाजींनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. लाकूड मुकं असतं, माणसाच्या आवाजानं थरथरतं, मग मोकळं होतं. जुनी लोकं रंगपटात लटकवायची.

राजकुमार सर मनापासून हसले. "मग याची काळजीच नका करू. आमच्याकडे एकशे चाळीस पोरं आहेत. एक मिनिट शांत बसत नाहीत! प्रार्थनेच्या हॉलमध्येच लटकवतो. याच्यापेक्षा बोलतं घर कुठं भेटणार?"

मधल्या खोलीतून सासूबाई पाहत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या पलंगावरून उठल्या, भिंत धरून दारापर्यंत आल्या आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी पाहिलं नाही. मी पाहायचंच टाळलं.

सर पैसे देऊन, पेटी घेऊन बाहेर पडले. मोटारसायकलला मागं दोरीनं बांधायला लागले. दोर आवळताना गुणगुणत होते. एकशे चाळीस. मी पायरी उतरले. फाटकापर्यंत धावत गेले, गुडघ्यांनी कुरकुर केली नाही.

"सर!"

त्यांनी किक मारली होती. गाडी थोडी पुढं जाऊन थांबली. "काय मॅडम?"

पेटी आता फाटकाच्या बाहेर होती, रस्त्यावर, आणि आता ती आमची नव्हती. मी तोंड उघडलं.

"व साधना," मागून आवाज आला. "व साधना, दूध वर आलं."

खरखरीत, पण मोठा. गल्लीत ऐकू जाईल इतका. शेवटी उतरणारा.

राजकुमार सर वाट पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत होते.

"काही नाही," मी म्हटलं. "उन्हात ठेवू नका. तारा उतरतात."

"नाही नाही, जपून ठेवतो." हात हलवून ते गेले.

मी आत आले. सासूबाई दारात खाली बसल्या होत्या आणि रडत होत्या, आवाजानं. मी स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. त्यावर काही ठेवलेलं नव्हतं.

मी दुधाचं पातेलं काढलं आणि ठेवलं.

९

खुशबूची सर्दी गेली. वीरेंद्रना आमचं ऐकू येतं. ते म्हणतात, डॉक्टर मुलखाचा येडा आहे, कान सुधारले माझे. भैयाजी रस्त्यात भेटले की मान खाली घालून जातात. मंडळात मी पुन्हा शिरा करते.

सासूबाई पहाटेपासून बोलतात. मांजर, गिऱ्हाईक, दूध. मी मशीन थांबवून ऐकते, एक शब्द सोडत नाही. व्हायोलिनबद्दल त्या एकदाच बोलल्या. भिंतीतला खिळा काढत होते तेव्हा म्हणाल्या, "त्या शाळेच्या मास्तरले फाटकाजवळ सांगतलं होतं न तू?" मी म्हटलं, "हो." त्या बराच वेळ गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसल्या म्हणून मी घाबरून ओरडले, "आई!" तशा म्हणाल्या, "आहो बाई, आहो."

जुलैत आसगावला नणंदेकडे जायचं झालं. धानाची रोवणी सुरू होती. बांध्यांमध्ये बाया ओळीनं वाकून गाणी म्हणत होत्या, त्यांचा आवाज बसमध्ये येत होता आणि मग मागं पडत होता. एका ठिकाणी बस थांबली. रस्त्याच्या पलीकडे शाळा होती. कुंपण, झेंड्याचा खांब, लांब हॉल, खिडक्या उघड्या.

साडेदहा वाजले होते. प्रार्थनेची वेळ.

पोरं ओळीत उभी होती. डोक्याला तेल, हात जोडलेले, डोळे मिटलेले. सगळ्यांची तोंडं एकदम उघडत होती आणि मिटत होती, एकदम उघडत होती आणि मिटत होती. लहानांच्या ओळीतली एक मुलगी इतकं तोंड उघडत होती की मानेच्या शिरा दिसत होत्या.

बसचं इंजिन चालू होतं. माझ्या खिडकीची काच लावलेली होती, बाजूची बाई मोबाइलवर बोलत होती. अशा वेळी शाळेतली प्रार्थना कशी ऐकू येणार? हे मी स्वतःला विचारलं, आणि ते बरोबर होतं.

पण व्हायोलिन ऐकू येत होतं. एकटंच. मी आयुष्यात इतकं गोड वाजलेलं ऐकलं नाही. आणि सूर जिथं उतरत होता, तिथं एका माणसासारखा उतरत नव्हता. खूप पायांनी एकदम पायऱ्या उतराव्या, तसा उतरत होता.

"ताई, कुठलं तिकीट?" कंडक्टर दुसऱ्यांदा विचारत होता. "ताई?"

तो माझ्याकडे असा का पाहतोय, ते मला आधी कळलं नाही. मग कळलं. माझा तळहात तोंडावर होता, घट्ट. कधी गेला, माहीत नाही.

बस निघाली. शाळा मागं गेली. दुसऱ्या हातानं मी पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.